दृष्टीची रुंदी वाढविणारा शास्त्रज्ञ : आंरी क्रेतियाँ

(द्वितीय वर्ष, कला)

काही थोर माणसांची नावे जगाच्या तोंडी असतात, तर काहींचे नाव मागे राहते आणि काम मात्र आपण रोज डोळ्यांनी पाहत असतो. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी क्रेतियाँ यांच्या वाट्याला दोन्ही गोष्टी आल्या. आकाशाचा अभ्यास करणाऱ्यांना त्यांचे नाव चांगले परिचित आहे, कारण जगातील कित्येक मोठ्या दुर्बिणींच्या वर्णनात ते येते. सिनेमाच्या इतिहासातही त्यांना मानाचे स्थान आहे. आपण मात्र त्यांनी दिलेला रुंद पडदा रोज पाहतो आणि तो कोणी दिला हे विचारीत नाही. मीही कधी विचारले नसते. कला शाखेचा विद्यार्थी भिंगांच्या वाटेला जाऊन करणार काय? परंतु एका घरगुती कारणाने मी या माणसाकडे वळलो. ते कारण आधी सांगणे अवश्य आहे.

आमच्या आजोबांचे हलतेबोलते चित्र सबंध घरात एकाच ठिकाणी आहे. ते म्हणजे काकांच्या लग्नाची कॅसेट. आजोबा २०१० साली वारले. तेव्हा मी चार वर्षांचा होतो, त्यामुळे माझ्या आठवणीत त्यांचा चेहरा असा नाहीच. कॅसेट खराब होऊ लागली म्हणून वडिलांनी मजुरीचे पैसे बाजूला ठेवून तालुक्याच्या गावी एका दुकानातून तिची फाईल करून आणली. घरच्या रुंद टीव्हीवर ती लावली आणि सगळेच गोंधळलो. नवरी मुलगी फुगलेली, वाजंत्री बुटके, घोडा बैलासारखा! आमचे आजोबा अंगाने काटकुळे आणि उंच होते म्हणतात. येथे मात्र ते रुंद खांद्यांचे आणि ठेंगणे दिसत होते. मोबाइलवरही तेच. आजी थोडा वेळ पाहत बसली आणि काही न बोलता उठून चुलीपाशी गेली. दुकानदाराने मूळ कॅसेटच तशी आहे असे सांगून हात झटकले.

कॅसेट तशी नसणार, हे आम्हाला कळत होते. पण ते सिद्ध कसे करायचे हे कळत नव्हते. त्याचा शोध घेता घेता ग्रंथालयात आणि संगणक कक्षात मला क्रेतियाँ भेटले.

आंरी क्रेतियाँ यांचा जन्म १ फेब्रुवारी १८७९ रोजी पॅरिस येथे झाला. घरची परिस्थिती साधी होती. शाळा लवकर सुटली आणि छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम शिकावे लागले. पोराला मात्र आकाशाचे वेड होते. त्या काळी फ्रान्समध्ये कामील फ्लामारियाँ या लेखकाने खगोलशास्त्र सामान्य माणसाच्या दारी नेले होते. १८८७ साली त्यांनी फ्रेंच खगोल संस्था स्थापन केली. पदवी नसलेल्या पण जिज्ञासा असलेल्या माणसालाही तिथे दुर्बिणीला डोळा लावता येत असे. क्रेतियाँ तेथे पोहोचले, फ्लामारियाँच्या नजरेत भरले आणि त्यांच्या हाताखाली निरीक्षणे करू लागले. राहिलेले शिक्षण त्यांनी काम करता करता पुरे केले. बरोबरीची मुले पुढे निघून गेल्यावर पुन्हा पुस्तक हाती धरणे ही सोपी गोष्ट नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच असल्यामुळे असेल, चरित्राच्या या पानावर मी बराच वेळ थांबलो.

पुढे त्यांना दक्षिण फ्रान्समधील नीस येथील वेधशाळेत काम मिळाले. समुद्रकाठच्या एका डोंगरावर बिशोफ्सहाइम या धनिकाने स्वतःच्या पैशाने ही वेधशाळा उभारली होती. तेथे ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करणारा नवा विभाग सुरू करायचा होता. त्यासाठी क्रेतियाँना परदेशी वेधशाळा पाहण्यास पाठविण्यात आले. या प्रवासात ते अमेरिकेतील माउंट विल्सनच्या वेधशाळेत गेले. तेथे त्यांची गाठ जॉर्ज रिची यांच्याशी पडली. रिची आरसे घासण्यात निष्णात कारागीर आणि क्रेतियाँ गणितात पारंगत, असा हा योग जुळून आला.

त्या काळच्या मोठ्या दुर्बिणींत एक दोष होता. चित्राच्या मध्यभागी तारा बिंदूसारखा दिसे, पण कडेकडेला त्याच ताऱ्याला धूमकेतूसारखे शेपूट फुटे. म्हणजे दुर्बीण मोठी, पण उपयोगी दृष्टी अरुंद. यावर उपाय म्हणून दोन्ही आरशांना अपास्त नावाच्या वक्राचा आकार द्यावा, अशी योजना १९१० च्या सुमारास या दोघांच्या विचारांतून निघाली. तिचे गणित क्रेतियाँनी मांडले व १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. अशी पहिली दुर्बीण रिची यांनी १९२७ मध्ये तयार केली. आज ही रचना दोघांच्या नावांनी ओळखली जाते. १९९० मध्ये अवकाशात सोडलेली हबल दुर्बीण याच रचनेची आहे. आपल्या देशातील लडाखमधील हानले येथील दोन मीटरची आणि नैनितालजवळील देवस्थळ येथील ३.६ मीटरची दुर्बीण याच कुळातल्या आहेत.

पहिल्या महायुद्धात क्रेतियाँ देशाच्या कामाला लागले. रणगाड्यात बसलेल्या सैनिकाला लहानशा फटीतून बाहेरचे पाहावे लागते. त्याला अधिक रुंद प्रदेश दिसावा म्हणून त्यांनी भिंगांची एक खास जुळणी विचारात घेतली. युद्धानंतर पॅरिसमध्ये प्रकाशशास्त्राची स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांत ते होते आणि तेथे त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. रात्री गाडीच्या दिव्याचा उजेड पडताच चमकणारे परावर्तक आपण सायकलीच्या मागे आणि रस्त्याच्या कडेला पाहतो. त्यांच्या विकासातही क्रेतियाँचा हात आहे.

आता त्यांच्या ज्या शोधाचा आमच्या कॅसेटशी संबंध आहे, त्याकडे वळू.

सिनेमाची फिल्म ३५ मिलिमीटर रुंद असते. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन यांनी १८९० नंतरच्या काळात तिच्यावरील चौकटीचा आकार ठरविला. रुंदी चार भाग, तर उंची तीन भाग. हाच आकार जगभर रूढ झाला आणि पुढे टीव्हीनेही तोच उचलला. परंतु माणसाची नजर उंचीपेक्षा रुंदीत अधिक फिरते. सबंध रणांगण किंवा क्षितिजापर्यंतचे माळरान त्या चौकटीत मावत नसे. १९२७ मध्ये आबेल गान्स या दिग्दर्शकाने आपल्या नेपोलियनवरील चित्रपटात तीन पडदे शेजारी मांडून त्यावर तीन प्रोजेक्टरांनी एकच विशाल दृश्य दाखविले. परिणाम विलक्षण होता, परंतु तीन यंत्रे एकाच तालात चालविणे महाकठीण.

त्याच वर्षी क्रेतियाँनी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे आपली युक्ती मांडली. तिचे नाव इपेरगोनार. साधे भिंग चित्र लहान करते तेव्हा लांबी व रुंदी सारख्याच प्रमाणात कमी करते. दंडगोलाच्या आकाराचे भिंग मात्र एकाच दिशेने काम करते. असे भिंग कॅमेऱ्यापुढे लावले की समोरचे दृश्य आडव्या दिशेने निम्मे आवळले जाते, उंची मात्र तशीच राहते. म्हणजे दुप्पट रुंद दृश्य जुन्याच चौकटीत मावते. ती फिल्म हातात धरून पाहिली तर माणसे काठीसारखी बारीक आणि लांबोडकी दिसतील. पण चित्रपटगृहात प्रोजेक्टरला तसेच भिंग उलट कामासाठी लावले की चित्र पुन्हा दुप्पट पसरते आणि माणसे मूळ रूपात येतात. फिल्म तीच, कॅमेरा तोच, यंत्रही एकच. असे दंडगोली भिंग क्रेतियाँच्या आधीही ठाऊक होते. परंतु सिनेमाला खरोखर उपयोगी पडेल असे ते घडविणे, हे त्यांचे कर्तृत्व.

या युक्तीतील मर्म नीट लक्षात घेतले पाहिजे. फिल्मवरचे चित्र बिघडलेले नसते. ते केवळ आवळलेले असते, आणि किती आवळले हा आकडा पसरविणाऱ्याला ठाऊक असतो. दोन्ही आकडे जुळले तर चित्र खरे. न जुळले तर तेच चित्र खोटे बोलू लागते.

क्लोद ओतां-लारा या तरुण दिग्दर्शकाने हे भिंग घेऊन जॅक लंडनच्या कथेवर एक लघुपट काढला. बर्फात एकट्या पडलेल्या आणि जाळ पेटवू पाहणाऱ्या माणसाची ती कथा. १९३० च्या अखेरीस तो पॅरिसमध्ये दाखविला गेला. पण वेळ चुकीची होती. बोलपट नुकताच आला होता आणि चित्रपटगृहांच्या मालकांनी ध्वनियंत्रांवर पैसा ओतला होता. नव्या भिंगांसाठी पुन्हा खर्च करायला कोण तयार होणार? लघुपट पडला. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात क्रेतियाँनी एका इमारतीच्या दर्शनी भागावरील सुमारे ६० मीटर लांब पडद्यावर आपली कला दाखविली. लोकांनी ती पाहिली, वाखाणली आणि घरी गेले. त्यानंतर दुसरे महायुद्ध आले. पेटंटची मुदत संपली. क्रेतियाँ वृद्ध झाले. भिंगे तशीच पडून राहिली.

आणि मग दैव फिरले! अमेरिकेत घरोघर टीव्ही आला आणि चित्रपटगृहे ओस पडू लागली. घरच्या लहान पेटीला जे दाखविता येणार नाही असे काही पडद्यावर आणणे भाग होते. १९५२ च्या डिसेंबरात ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीचे प्रमुख स्पायरोस स्कूरास फ्रान्सला येऊन क्रेतियाँना भेटले. पंचवीस वर्षांपूर्वीची ती भिंगे त्यांनी घेतली आणि या पद्धतीचे सिनेमास्कोप असे नामकरण झाले. १६ सप्टेंबर १९५३ रोजी न्यूयॉर्क येथे ‘द रोब’ हा या पद्धतीचा पहिला चित्रपट झळकला. पूर्वी पडद्याची रुंदी उंचीच्या १.३७ पट असे, ती एकदम २.५५ पट झाली. १९५४ मध्ये अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने फॉक्सच्या तंत्रज्ञांबरोबर क्रेतियाँनाही शास्त्रीय व तांत्रिक कामगिरीचे पारितोषिक दिले. तेव्हा त्यांचे वय ७५ होते. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे सिनेमास्कोप आणला तो गुरुदत्त यांनी. पुण्याच्या ‘प्रभात’ कंपनीत उमेदवारी केलेल्या या कलावंताने १९५९ मध्ये ‘कागज के फूल’ हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट काढला. त्याचे छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांनी केले. तो चित्रपट तेव्हा चालला नाही. त्याची थोरवी पुढच्या पिढ्यांनी ओळखली. क्रेतियाँच्या भिंगांच्या नशिबी आले तेच जणू या चित्रपटाच्याही नशिबी आले.

येथे सिनेमास्कोपच्या एका दोषाचा उल्लेख केलाच पाहिजे, कारण तो वाचताना मला आमचे आजोबा आठवले. सुरुवातीच्या या चित्रपटांत नट कॅमेऱ्याच्या फार जवळ आला की त्याचे गाल फुगलेले दिसत. तंत्रज्ञ थट्टेने म्हणत की नटाला गालगुंड झाले. कारण साधे होते. जवळच्या वस्तूला भिंग पूर्ण दुप्पट आवळत नसे, थोडे कमीच आवळे. प्रोजेक्टर मात्र सर्वच चित्र इमानाने दुप्पट पसरवी. आवळण्याचा आकडा एक आणि पसरण्याचा दुसरा. पुढे पॅनाव्हिजन कंपनीने सुधारित भिंगे काढून हा दोष घालविला.

आमच्या कॅसेटमध्ये भिंग कोठून आले, असे वाचक विचारतील. भिंग नव्हते, पण हिशेब तोच होता. संगणकाच्या भाषेतले चित्र बारीक बिंदूंचे बनलेले असते. या बिंदूला पिक्सेल म्हणतात. आपण समजतो की प्रत्येक पिक्सेल चौरस असतो. तसे नसते. १९८२ मध्ये टीव्हीचे चित्र अंकांत साठविण्याचा आंतरराष्ट्रीय नियम ठरला. तेव्हा जगात टीव्हीच्या दोन पद्धती होत्या. युरोपात व भारतात ६२५ रेषांची, अमेरिकेत व जपानात ५२५ रेषांची. दोघांनाही सोयीचे पडावे म्हणून प्रत्येक रेषेचे ७२० बिंदू करायचे ठरले. बिंदूचा आकार काय होईल, हा विचार त्या वेळी दुय्यम होता.

आता गणित पाहा. आपल्या पद्धतीत दृश्य रेषा ५७६ आहेत. ७२० ला ५७६ ने भागले की १.२५ येतात. पण टीव्हीचा पडदा चारास तीन, म्हणजे १.३३. हे अंतर भरून काढायचे तर प्रत्येक बिंदू उंचीपेक्षा किंचित रुंद धरावा लागतो. ते प्रमाण १६:१५. (काही ठिकाणी कडेचे बिंदू वगळून १२:११ धरतात, परंतु फरक अल्प आहे.) पुढे सोळास नऊ असा रुंद पडदा आला. तेव्हा तेच ७२० बाय ५७६ बिंदू ठेवून प्रत्येक बिंदू ६४:४५ इतका रुंद धरावयाचे ठरले. म्हणजे रुंद चित्र आवळून जुन्याच चौकटीत भरायचे आणि पाहताना पसरायचे. ही क्रेतियाँचीच युक्ती, फक्त काचेऐवजी आकड्यांनी केलेली. नंतरच्या काही कॅमेऱ्यांनीही १४४० बाय १०८० बिंदूंत रुंद चित्र असेच बसविले. तेथे बिंदूचे प्रमाण ४:३ धरतात. १९२० बाय १०८० च्या नेहमीच्या चित्रात मात्र बिंदू चौरस असतात.

सूत्र असे आहे. बिंदूंची आडवी संख्या भागिले उभी संख्या, आणि त्याला बिंदूच्या प्रमाणाने गुणायचे. जे उत्तर येईल तो पडद्यावरील चित्राचा आकार. बिंदूचे प्रमाण किंवा पडद्यावरील आकार फाईलमध्ये एका कोपऱ्यात लिहिलेला असतो. तो आकडाच क्रेतियाँचे दुसरे भिंग होय.

महाविद्यालयाच्या संगणक कक्षात आमची फाईल उघडली, तेव्हा बिंदू ७२० बाय ५७६ दिसले आणि प्रमाणाच्या जागी ६४:४५ लिहिलेले आढळले. कॅसेट जुन्या चारास तीनच्या कॅमेऱ्यातली. तिथे १६:१५ हवे होते. दोन्ही अपूर्णांकांचा भागाकार केला तर बरोबर एक पूर्णांक एक तृतीयांश येतो. आमचे आजोबा तितकेच जाड झाले होते! चित्राच्या एकाही बिंदूला हात न लावता तो एक आकडा बदलला. माझ्या आयुष्यात गणिताचा इतका आनंद मला पूर्वी झाला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत फाईल घरी नेली. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि मध्ये लग्नाचा मांडव उभा राहिला. आजोबा खांबाला टेकून उभे होते. काटकुळे, उंच, डोक्यावर फेटा, एक हात कमरेवर. माझे वडील कोणाची वाट पाहताना अगदी तसेच उभे राहतात, हे मला त्या दिवशी प्रथम दिसले. आजी या वेळी उठून गेली नाही. तिने तेवढाच भाग पुन्हा लावायला लावला.

क्रेतियाँच्या चरित्रातून काय शिकावे, असे कोणी विचारील. चिकाटी, परिश्रम, ज्ञानाची ओढ हे गुण सर्वच थोरांच्या ठायी असतात. मला त्यांच्या आयुष्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याची शाळा लवकर सुटली त्या मुलाने जन्मभर एकच काम केले. अरुंद जागेत रुंद दृश्य मावविण्याचे. त्यांची दुर्बीण आकाशाच्या बाबतीत आणि त्यांचे भिंग सिनेमाच्या बाबतीत तेच करते. आम्ही लहान गावांतून येणारी मुलेही अरुंद चौकटीतूनच येतो. घर एका खोलीचे, शाळा दोन शिक्षकांची, घरात पुस्तक म्हणाल तर पंचांग. त्या चौकटीत जे मावले ते आवळून मावले आहे, नाहीसे झालेले नाही. महाविद्यालयाने दुसऱ्या भिंगाचे काम करावे, एवढीच अपेक्षा आहे. आणि आमच्याकडे पाहणाऱ्यांनीही आम्ही असेच आहोत असे म्हणून हात झटकण्यापूर्वी, कोपऱ्यातला तो आकडा एकदा तपासून पाहावा.

हबल दुर्बिणीची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात, रुंद पडद्यावर चित्रपट लागतात, घरोघरी फाईली उघडतात. या सर्वांमागे पॅरिसच्या छापखान्यातून निघालेल्या एका मुलाची दृष्टी आहे. त्या दृष्टीने आमच्या घराला आमचे आजोबा परत दिले. म्हणून हा लेख.